शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, खंजिरीही त्यांचीच

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवर वऱ्हाडात पुस्तकांची वानवा नाही. चरित्रे आहेत, ग्रामगीतेवरची विवेचने आहेत, त्यांच्या ग्रामविचारावर विद्यापीठांतून प्रबंध झाले आहेत. तरी या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना सारखे वाटत राहिले, की हे फार आधी व्हायला हवे होते. इथे महाराजांकडे पाहिले आहे ते गाणी रचणारा आणि ती स्वतः हजारोंपुढे उभे राहून गाणारा माणूस म्हणून. त्यांची साधना, तुरुंगवास, आश्रम, ग्रामसेवा हे सगळे यात आहे. पण ते गाण्याच्या मागोमाग येते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातही क्रम असाच होता. आधी गाणे आले, गाण्यामागून माणसे जमली आणि त्या माणसांच्या हातून पुढे मंडळे, आश्रम आणि ग्रंथ उभे राहिले.

विसाव्या शतकातल्या मराठी गाण्याचा इतिहास आपण लिहितो तो बहुतेक मुंबई-पुण्याच्या अंगणातला. त्यात कामे वाटलेली असतात. कवी लिहितो, संगीतकार चाल बांधतो, गायक गातो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, ते या वाटणीचे सर्वांत देखणे रूप: शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पाश्चात्त्य देशांतही पुष्कळ काळ असेच चाले. बीटल्स आणि बॉब डिलन यांच्यानंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, आपले गाणे आपणच लिहून आपणच गाणारा कलावंत तिकडे मोठ्या मानाने मिरवू लागला आणि २०१६ साली साहित्याचे नोबेल डिलनपर्यंत आले. आपल्याकडे ही जात जुनीच आहे. संतांनी आणि शाहिरांनी ती शतकानुशतके जोपासली. अमरावती जिल्ह्यातल्या एका तरुणाने विसाव्या शतकात ती नव्याने उचलली आणि सातपुड्यापासून वर्धा नदीच्या पलीकडपर्यंत गावेच्या गावे आपल्या गाण्याने भारून टाकली. पण त्याला आपण संतांच्या रांगेत बसवले आणि गीतकारांच्या रांगेतून तो सुटून गेला. भावगीतांच्या इतिहासात तुकडोजींचे नाव सहसा सापडत नाही. वऱ्हाडचा माणूस म्हणून मला याचे वाईट वाटतेच. पण त्याहून जास्त वाईट वाटते ते गाण्याचा वाचक म्हणून.

३० एप्रिल १९०९ रोजी यावली गावी जन्मलेल्या या मुलाचे नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे शिवणकाम करत, आई मंजुळाबाई. घरची गरिबी होती, पण कूळ ब्रह्मभटांचे, म्हणजे कवने रचून म्हणणाऱ्यांचे. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. वरखेडला आडकोजी महाराजांचा सहवास लाभला, त्यांनीच तुकड्या हे नाव दिले आणि तेच पुढे भजनाच्या शेवटच्या कडव्यात नाममुद्रा होऊन बसले. त्यानंतरची काही वर्षे रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांतली. या काळाभोवती चमत्कारांच्या कथा पुष्कळ जमल्या आहेत. मला त्यांत फारसे थांबावेसे वाटत नाही. रानातून हा तरुण बाहेर आला तेव्हा त्याच्याजवळ खणखणीत आवाज होता, शब्दांचा न आटणारा साठा होता आणि हातात खंजिरी होती, एवढे आपल्याला पुरे आहे.

खंजिरीकडे जरा नीट पाहायला हवे. लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसवलेले कातडे, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. पेटीसारखा भाता नाही, तबल्यासारखी बैठक नाही, वीणेसारखे सूर लावणे नाही. पावसाळी हवेने कातडे ढिले पडले तर शेकोटीजवळ धरून ताव द्यायचा, की ती पुन्हा बोलू लागते. डाव्या हाताने धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची आणि उभ्याने गायचे. अंगाला दुसरे काही जखडलेले नसल्यामुळे गाणारा पुढे येऊ शकतो, वळू शकतो, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहू शकतो. भजनात टाळ-मृदंग आल्यावर घोळका लागतो. खंजिरीवर एकट्याचे भागते. महाराजांचे बहुतेक सगळे लोकमान्य फोटो खंजिरीसकट आहेत, ते उगाच नाही. त्यांच्या गाण्यातली लय याच वाद्याने घडवली. ओळी आखूड, ठोक्यावर पडणाऱ्या, आणि श्वास घ्यायला जागा ठेवणाऱ्या आहेत.

चांदूरबाजार तालुक्यातल्या एका गावी भजनी मंडळाची तालीम पाहिल्याचे आठवते. एक पोरगा जोरजोरात खंजिरी वाजवत होता, आवाजाने देऊळ दणाणत होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या भजन्याने त्याला थांबवले. "अबे, खंजिरी बोलली पाह्यजे. तू तिले कुटून काहून राह्यला? लोकाईले पहिले शब्द आयकू येऊ दे." मग त्याने स्वतः खंजिरी घेतली. ओळ म्हणताना बोटे कातड्यावर जेमतेम टेकत होती. ओळ संपून मंडळींनी ती उचलली की तिथे चकत्यांचा झणत्कार येई. शब्द एकट्याचा, गजर सगळ्यांचा. तुकडोजींची रचना ज्यांना कागदावर सपाट वाटते, त्यांनी ती एकदा अशी ऐकावी.

आता 'या झोपडीत माझ्या' ही रचना घ्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती पाठ आहे. तिचे वृत्त आनंदकंद, लगावली म्हणजे लघु-गुरूंची मांडणी गागालगा लगागा, ओळीत दोनदा. तीन छोटे खंड एकमेकांशी यमक जुळवत येतात आणि चौथ्या खंडात दर वेळी झोपडी येते. ऐकणाऱ्याला पहिल्या कडव्यातच कळते, की चौथा खंड आपला आहे. पुढच्या कडव्यांत महालातले मऊ बिछाने येवोत, शामदाने येवोत, पहारे आणि तिजोऱ्या येवोत, तीन पावले गायक चालतो आणि चौथे पाऊल अख्खी सभा टाकते. कागद नको, तालीम नको. निरक्षर श्रोत्यालाही गाण्याचा मालक करून टाकणारी ही बांधणी आहे आणि ती अपघाताने साधत नाही. श्रीमंताचा महाल पहाऱ्यांनी आणि मज्जावांनी भरलेला, गरिबाचे दार मात्र उघडे, हा विचार सांगणारे गाणे स्वतःच सर्वांना आत घेणारे आहे. आशय आणि घाट इतके एकजीव झालेली गाणी मराठीत फार नाहीत.

याच वृत्तात इकबालांचे 'सारे जहाँ से अच्छा' आहे. आणि याच वृत्तात अमरावतीतच १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांचे 'केव्हातरी पहाटे' आहे. तिन्ही रचना एकाच चालीवर म्हणून पाहा, कुठेही अडणार नाही. कोणी कोणाकडून घेतले असे मला सुचवायचे नाही. सांगायचे आहे ते वऱ्हाडच्या कानाबद्दल. हा मुलूख १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि अकोल्याकडचे बाळापूर ही जुनी मोठी ठाणी; तिथे फारसी-उर्दू शतकानुशतके बोलली, लिहिली, गायली गेली. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि राजधानी नागपूर झाली, तेव्हा हिंदीशी रोजचा संबंध वाढला. अमरावतीच्या बाजारात माणूस एका वाक्यात मराठी आणि दुसऱ्या वाक्यात हिंदी बोलतो, त्याला तो दोन भाषा बोलतोय असे वाटतही नाही. तुकडोजींनी मराठीइतक्याच सहजतेने हिंदीत लिहिले, 'लहर की बरखा' हा त्यांचा हिंदी भजनांचा संग्रह आहे, आणि कव्वालीची उठावण, गझलेची बांधणी, अभंगाचा साधेपणा या सगळ्यांची त्यांच्या गाण्यात ये-जा आहे. पुण्यात बसून हे गाणे सुचले नसते.

हीच हिंदी त्यांना वऱ्हाडाबाहेर घेऊन गेली. १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला जवळजवळ महिनाभर राहिले. गांधीजींचे मौन असताना भजन ऐकून त्यांनी आणखी एक म्हणायला सांगितले, अशी आठवण अजून सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, सेवाग्रामनंतर तुकडोजींच्या गाण्याचा रोख बदलला हे दिसते. देवाला आळवणारा गायक देशाला हाक घालू लागला.

त्याचे टोक १९४२ मध्ये गाठले गेले. चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली ही नावे तेव्हा एका वणव्याची ठिकाणे झाली. १६ ऑगस्टला नागपंचमीच्या दिवशी चिमूरला लोक उठले, गोळीबार झाला, तरुण पोरे गेली, इंग्रज अधिकारीही मारले गेले, आणि पुढे पोलिसांनी व फौजेने गावावर जे अत्याचार केले त्यांची दाद लावून घेण्यासाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांना उपोषण करावे लागले. त्याआधी महाराजांची भजने त्या पंचक्रोशीत गाजत होती. सरकारने त्यांना ऑगस्टअखेर चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, अटक केली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले आणि डिसेंबरात सोडले. गाण्याने क्रांती होते का, हा प्रश्न पुस्तकी चर्चेत नेहमी येतो. चिमूरच्या बाबतीत इंग्रज सरकारला तो पडला नव्हता. त्यांनी गाणाऱ्याला धरले. माझे मत असे, की त्या काळच्या भजनांचा जोर उपमांपेक्षा पालुपदात आहे. एका माणसाने घोषणा दिली तर ती ऐकली जाते, पाचशे माणसांनी पालुपद उचलले की त्यांची भीती मोडते. भजनाला जमणे हा गुन्हा नव्हता, आणि रोज संध्याकाळी एकत्र गाणारे गाव एक दिवस एकत्र चालू लागले.

सुटून आल्यावर त्यांनी हीच शक्ती संथ केली. १९३५ साली मोझरीला, अमरावती-नागपूर रस्त्यावर, गुरुकुंज आश्रम उभा राहिला होता. १९४३ मध्ये 'श्रीगुरुदेव' मासिक सुरू झाले. गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळे निघाली. त्यांच्या केंद्रस्थानी होती सामुदायिक प्रार्थना. सगळ्या जातींची माणसे एका सतरंजीवर, ठरल्या वेळी, एका सुरात. अस्पृश्यतेवर त्यांनी भाषणे केलीच. पण शेजारी बसून एकच ओळ एकाच श्वासात म्हणायला लावणे हे भाषणापेक्षा खोल जाणारे काम होते. ज्या गावांत पाणवठे वेगळे होते तिथे हे रोज संध्याकाळी घडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

गाडगेबाबांची आठवण इथे अटळ आहे. तेही याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. १९५६ मध्ये वलगावजवळ गेले. दोघांचा ध्यास एक, पण रीत वेगळी. बाबा कीर्तनात प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर काढून घेत, वऱ्हाडी बोलीत त्यांची झाडाझडती घेत. स्वतः त्यांनी काही लिहून ठेवले नाही. तुकडोजी लिहीत राहिले. भजने हजारोंच्या घरात गेली, आणि १९५५ मध्ये ४१ अध्यायांची, ४६७५ ओव्यांची ग्रामगीता आली. ती वाचण्यासाठी आहे असे आपण समजतो, पण तिची ओवी चावडीवर मोठ्याने म्हणण्यासाठी रचलेली आहे. खत, पाणी, गोठा, दवाखाना, बाळंतपण, सावकारी यांवर ओव्या लिहिणारा कवी मराठीने आधी पाहिला नव्हता.

त्याच १९५५ साली ते जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला गेले आणि तिथेही त्यांनी खंजिरी हातात घेतली. प्रत्येक देशात आणि प्रत्येक वेषात तोच एक आहे, अशा अर्थाचे त्यांचे हिंदी भजन त्या भेटीशी कायमचे जोडले गेले. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. भारत साधू समाजाचे अध्यक्षपद, १९६२ आणि १९६५ च्या युद्धकाळात जवानांपुढे गायिलेली भजने, या सगळ्यांची हकीकत पुस्तकात यथास्थित आली आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. पुण्यतिथीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीला लाखो लोक मौन पाळतात, आणि त्या वेळी वऱ्हाडात अनेक जण जिथे असतील तिथे थांबतात. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाच्या नावाने आज पदव्या मिळतात, याचा आम्हा अमरावतीकरांना अभिमान आहे.

लेखकाशी माझे एका ठिकाणी जमत नाही, तेही लिहितो. सगळीच भजने सारख्या उंचीची आहेत असे या पुस्तकाला वाटते. मला तसे वाटत नाही. हजारोंत पुष्कळ रचना निरोप पोचवण्यासाठी झालेल्या आहेत. हुंडा, दारू, खर्चिक लग्ने यांवरची काही भजने काम संपले की थकतात. पण जिथे रोजच्या बोलण्यातले चित्र त्यांना सापडले, तिथे त्यांची ओळ दगडावर कोरल्यासारखी झाली. 'मनी नाही भाव' हे गाणे वाद्यवृंदांनी गायिले, लग्नाच्या वरातीत वाजले, कोणाचे आहे हे ठाऊक नसलेल्यांनीही गुणगुणले. आणि तरी भावावाचून देव मिळत नाही ही त्यातली खरमरीत गोष्ट कोणाच्या कानातून सुटत नाही. चांगल्या गाण्याची याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही. जी पडली ती पडू द्यावीत. जी उरली ती निवडून, तपासून, चालीसकट पुढे न्यावीत. गीतकाराला मान द्यायचा तो असाच द्यावा लागतो.

चालीसकट, हा शब्द मी मुद्दाम लिहितो. महाराजांच्या जुन्या भजनावल्या उघडा. प्रत्येक भजनाच्या माथ्यावर 'चाल' किंवा 'तर्ज' असे छापून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. त्या वेळच्या वाचकाला एवढे पुरे होते. ते गाणे त्याच्या ओठांवर असे. आज त्यांतली कितीतरी मूळ गाणी कोणाला आठवत नाहीत. म्हणजे शब्द ग्रंथात सुखरूप आहेत आणि सूर म्हाताऱ्या भजन्यांच्या गळ्यात. नवी मंडळे मग सोय म्हणून ताज्या सिनेमाच्या चाली लावतात. त्यांना दोष देता येत नाही, लोकांच्या ओठांवरची चाल घेणे ही महाराजांचीही रीत होती. पण आनंदकंदात बांधलेली ओळ धावत्या फिल्मी ठेक्यावर ओढली की शब्दाचा वजनदार भाग चुकीच्या ठिकाणी पडतो आणि चौथ्या पावलाला सभा उचलू शकत नाही.

खंजिरीची परंपरा मात्र मेलेली नाही. अकोल्याकडे तिला वेगळेच रूप आले. अकोटच्या सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या समोर मांडून कीर्तन उभे केले, गाडगेबाबांची फटकळ जिरह आणि तुकडोजींचा ठेका एकत्र आणला आणि व्यसन, अंधश्रद्धा, हुंडा यांवर रात्र रात्र लोकांना बसवून ठेवले. विदर्भात खंजिरी भजनांच्या स्पर्धा भरतात, त्यांत बायांची मंडळे मोठ्या हिरिरीने उतरतात. ज्या शेतकरी घरांत कर्जाच्या काळजीने माणसे खचली, त्याच घरांतल्या बाया संध्याकाळी खंजिरी घेऊन प्रार्थनेला बसतात, हे मी पाहिले आहे. त्या गाण्याला कोणी कला म्हणो वा न म्हणो, ते त्या घराचा आधार आहे.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला, विशेषतः अमरावती-अकोल्याच्या तरुण वाचकाला, माझी विनंती आहे. पुस्तक वाचून झाले की आपल्या गावातल्या सर्वांत जुन्या भजन्याकडे जा. त्याला महाराजांची आठवतील ती भजने म्हणायला सांगा आणि मोबाइलवर आवाज भरून घ्या. भजनाच्या वहीत चाल कोणाकडून आली, कोणत्या गावची, कोणत्या साली शिकली, हे त्याच्याच तोंडून लिहून घ्या. मग ती वही आणि तो आवाज मोझरीला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात पोचवा. हे काम सरकार करील म्हणून थांबू नका. ज्यांच्याकडून या चाली घ्यायच्या आहेत ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.